पाठमोऱ्या बाया

शासकीय रेखाकला परीक्षेत चार पेपर असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. आमच्या उर्दू शाळेतल्या मुली यांपैकी तीन पेपरांना मुळीच घाबरत नाहीत. संकल्पचित्र म्हणजे नक्षीकाम, आणि नक्षी तर त्यांच्या हातातच असते. ईदच्या चांदरातीला मोहल्ल्यातल्या निम्म्या घरांची मेंदी यांनीच काढलेली असते. अडते ते स्मरणचित्रापाशी. तिथे 'बाजाराचा देखावा', 'नळावरची गर्दी' असे विषय येतात, आणि गर्दी काढायची म्हणजे माणसे काढावी लागतात.

आम्ही काही चित्रकलेचे शिक्षक नाही. बी.एड.ला आमचे विषय उर्दू आणि इतिहास. पण शाळेला चित्रकलेचा शिक्षक नाही आणि आमचा हात बरा आहे असे एकदा स्नेहसंमेलनाच्या रांगोळीवरून कुणाच्या तरी लक्षात आले. तेव्हापासून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला बसणाऱ्या मुलींची तयारी आमच्याकडे आली. इंटरमीजिएटच्या श्रेणीचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकही आता विचारपूस करतात.

एका पावसाळ्यात सरावासाठी आम्ही विषय दिला, 'कामावरच्या बाया'. आठवीतल्या एका मुलीने संत्र्याचा बगीचा काढला. काटोलच्या मुलीला बगीचा सांगावा लागत नाही. झाडांच्या ओळी, जमिनीवर अंथरलेले पोते, त्यावर संत्र्यांचा ढीग, प्लास्टिकचे कॅरेट, आणि ढिगाभोवती पाच बाया. पाचही पाठमोऱ्या. आम्ही म्हटले, "अगं, ढिगाच्या पलीकडे बसलेली बाई आपल्याला समोरून दिसेल ना?" ती म्हणाली, "टीचर, मुँह नहीं बनाती मैं. दादी बोलती हैं, क़यामत के दिन उसमें जान डालने को बोलेंगे."

या वाक्याला आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आम्ही वही बंद केली आणि पुढच्या बाकाकडे वळलो. पण ते चित्र मनातून गेले नाही, आणि त्याचे कारण दादीचे वाक्य नव्हते. त्या पाच पाठी वेगवेगळ्या होत्या. एक वाकलेली, एक थकून मागे रेललेली, एकीने ओढणीचे टोक कमरेला खोचलेले. चेहरा नसताना पाचही बाया ओळखू येत होत्या. चित्रातली बाई आजवर कुणी काढली, कशी काढली, आणि बाईनेच बाई काढली तेव्हा काय वेगळे झाले, हे पाहायला आम्ही त्या दिवसापासून लागलो. वाचायला बसल्यावर कळले की या गोष्टीचा एक मोठा धागा आपल्याच नागपूरकडून जातो.

आधी पुरुषांनी काढलेली बाई. महाराष्ट्रातल्या घराघरांत बाईचे चित्र पोहोचवले ते राजा रविवर्म्याने. त्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी दुकानांत आणि माजघरांत लागल्या. साडी नेसलेली, भरल्या अंगाची, गोरी आणि पाहणाऱ्याकडे वळलेली ही बाई. आपल्या लोकांच्या घरी देव्यांच्या तसबिरी लागण्याचा प्रश्न नव्हता, पण कॅलेंडरवर, साबणाच्या वेष्टनावर, काडेपेटीवर तीच बाई आली आणि सुंदर बाई म्हणजे अशी, हे आपल्याही डोळ्यांत बसले.

याच रविवर्म्याचे १८८९च्या सुमाराचे एक मोठे चित्र आहे, म्हैसूरच्या महाराजांसाठी काढलेले. हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या अकरा बाया त्या-त्या पोशाखात वाद्ये घेऊन एकत्र बसल्या आहेत. देशाची एकता दाखवणारे चित्र म्हणून त्याचे कौतुक होते, आणि ते देखणे आहेच. त्यात मुसलमान बाई आहे. ती तवायफ आहे. आम्ही तवायफांना कमी लेखत नाही. हिंदुस्थानी गाणे आणि उर्दू गझल त्यांनी जपली हे उर्दूच्या शिक्षकाला कुणी सांगायला नको. पण अकरा जणींत आपली म्हणून बसवायची तर दुसरी कोणती मुसलमान बाई चित्रकाराच्या नजरेसमोर आलीच नसावी. येणार तरी कुठून? पडद्यातली बाई परक्या पुरुषासमोर चित्रासाठी बसणार नव्हती. ज्या बसू शकत होत्या त्याच चित्रात आल्या.

दुसरे मोठे नाव महादेव विश्वनाथ धुरंधरांचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकले आणि तिथेच त्यांनी आयुष्यभर शिकवले. ऑटो रॉथफेल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९२०च्या सुमारास हिंदुस्थानातल्या बायांवर एक पुस्तक लिहिले, त्याची रंगीत चित्रे धुरंधरांची आहेत. जातीजातीची, प्रांताप्रांताची एकेक बाई. त्यांत खोजा बाई आहे, बोहरा बाई आहे. पोशाख, दागिने, पदर घेण्याची रीत, सगळे इतके नेमके की आज ते इतिहासाचे साधन म्हणून वापरता येते. तरी पाने उलटताना एक गोष्ट खटकते. प्रत्येक बाई एक नमुना आहे. बीजगोदामात काचेच्या बरण्यांतून ठेवलेले बियाण्यांचे नमुने असतात, तसा. तिला स्वतःचे नाव नाही, आणि त्या दिवशी तिच्या मनात काय होते हा प्रश्न त्या पुस्तकात उठतच नाही.

मात्र त्याच धुरंधरांच्या घरात एक मुलगी हातात ब्रश घेऊन वाढत होती. अंबिका धुरंधर. त्या १९१२ साली जन्मल्या आणि १९३१ साली त्यांनी जे. जे.ची पदविका मिळवली. हे शिक्षण पुरे करणाऱ्या अगदी पहिल्या काही बायांपैकी त्या एक. वडिलांच्या शैलीतून त्या फारशा बाहेर पडल्या नाहीत असे जाणकार म्हणतात, ते खरेही असेल. पण ज्या काळात बाईने शिक्षिका व्हावे की नाही यावर वाद घालत होते, त्या काळात रोज सकाळी इझल मांडून बसणे हीच केवढी गोष्ट! त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नाव 'माझी स्मरणचित्रे' आहे. आमच्या मुली ज्या पेपराला घाबरतात, त्याचेच नाव.

इथे थोडे विलायतेकडे वळावे लागते, कारण जे. जे.सारख्या शाळांचा अभ्यासक्रम तिथूनच आला होता. माणूस काढायला शिकायचे तर समोर माणूस बसवून शिकायचे, ही तिथली रीत. त्यासाठी विवस्त्र मॉडेल बसवत. आणि बायांना त्या वर्गात प्रवेश नसे. लंडनची रॉयल अकादमी १७६८ साली निघाली तेव्हा संस्थापकांत दोन बाया होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. तीन-चार वर्षांनी योहान झोफनी नावाच्या चित्रकाराने सदस्यांचे एकत्र चित्र काढले. सभासद मॉडेलभोवती जमले आहेत. त्या दोघी मात्र खोलीत नाहीत. भिंतीवर दोन तसबिरी टांगल्या आहेत, त्या या दोघींच्या. पुरुष मॉडेल विवस्त्र बसलेला असताना बाया खोलीत कशा दाखवायच्या, म्हणून संस्थापक बायांना भिंतीवर टांगून टाकले. अकादमीच्या शाळेत बायांना अशा वर्गात बसायची परवानगी मिळायला १८९३ साल उजाडले, तेही मॉडेलच्या अंगावर कपडा राहील या अटीवर. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना दार उघडले ते १८९७ साली. पडदा फक्त आपल्याच दारावर होता असे कुणी म्हणू लागले की आम्ही हा झोफनीचा किस्सा सांगतो.

त्याच पॅरिसच्या शाळेत पुढे तीस-बत्तीस वर्षांनी एक मुलगी दाखल झाली. अमृता शेरगिल. वडील शीख, आई हंगेरियन, जन्म १९१३ सालचा बुडापेस्टचा. तिने १९३३ साली पॅरिसमध्ये एका मॉडेल बाईचे चित्र काढले. ही बाई शेकडो चित्रकारांसमोर बसून म्हातारी होत चाललेली. छाती खपाटीला गेली आहे, चेहऱ्यावर आजार आहे. पुरुष चित्रकार अशा मॉडेलला समोर बसवून तिच्यातून एखादी परी काढत. अमृताने बसून-बसून दमलेली बाईच काढली. पुढच्याच वर्षी ती हिंदुस्थानात परतली आणि १९३५ साली तिने तीन मुली काढल्या. तिघी जवळजवळ बसल्या आहेत, पण एकमेकींकडे पाहत नाहीत, आपल्याकडेही नाही. लग्नाच्या वयाच्या मुली घरात कुणी पाहुणे येणार असले की जशा बसतात तशा. मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १९३७ साली या चित्राला सुवर्णपदक दिले. १९४१च्या डिसेंबरात लाहोरला अमृता वारली. वय अठ्ठावीस.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. नागपूरजवळच्या बेला या गावी १९३३ साली एक मुलगी जन्मली. आधी नागपूरच्या स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि मग मुंबईच्या जे. जे.मध्ये ती शिकली. चित्रकलेच्या जगात ती बी. प्रभा या नावाने ओळखली गेली. विदर्भात तिचे नाव जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही, असे आम्हांला वाटते. आमच्या शाळेच्या वाचनालयात विदर्भाच्या थोर व्यक्तींची चार-पाच पुस्तके आहेत. साधू-संत आहेत, पुढारी आहेत, कवीही आहेत. ती नाही.

सुरुवातीला तिने त्या काळच्या रीतीप्रमाणे आधुनिक, अमूर्ताकडे झुकणारी चित्रे काढली. मुंबईत तेव्हा हुसेन, रझा, सूझा यांची हवा होती आणि नव्या मुला-मुलींना तसेच काढावेसे वाटणे साहजिक होते. विद्यार्थिदशेतल्या पहिल्याच प्रदर्शनात तिची तीन चित्रे अणुशास्त्रज्ञ होमी भाभांनी विकत घेतली. पण ती त्या वाटेवर राहिली नाही. तिच्या कॅनव्हासवर बाया येऊ लागल्या. खेड्यातल्या बाया, डोक्यावर टोपली घेतलेल्या कोळणी, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या बाया. लांब माना, काटकुळे हात, उंच उभट शरीरे. एका चित्रात बहुतेक एकच रंग राज्य करतो. सगळे निळे, नाहीतर सगळे तांबूस, नाहीतर हिरवट. डोळे खाली झुकलेले किंवा कुठेतरी लांब लागलेले. अमृता शेरगिलकडून आपण प्रेरणा घेतली हे ती सांगत असे, आणि ते दिसतेही. पण अमृताच्या बाया बसून वाट पाहतात. प्रभाच्या बायांच्या डोक्यावर किंवा कडेवर बहुतेकदा काहीतरी ओझे असते. अमृता मोठ्या घरातून खेड्याकडे पाहायला गेली होती. प्रभा खेड्यातून आली होती.

१९५६ हे साल तिच्या आयुष्यात महत्त्वाचे. त्या साली शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी तिचे लग्न झाले. त्याच साली एअर इंडियाने तिची सहा चित्रे घेतली, दर चित्राला ८७ रुपये ५० पैसे. सहांचे मिळून ५२५ रुपये. एअर इंडिया तेव्हा आपली कचेरी-कचेरी हिंदी चित्रांनी सजवायला निघाली होती आणि पुढे हजारो वस्तूंचा जो प्रसिद्ध संग्रह तिने जमवला, त्याचा आरंभ या सहा चित्रांनी झाला. चित्रे होती बायांची आणि काढणारीला तेव्हा फारसे कुणी ओळखत नव्हते. विमान कंपनीला जगभरच्या प्रवाशांना हिंदुस्थान दाखवायचा होता, त्यासाठी महाराजाचा पुतळा आधीच होता. त्याच्या शेजारी भिंतीवर वऱ्हाड-नागपूरकडच्या पोरीने काढलेल्या सडपातळ, न हसणाऱ्या बाया लागल्या, हे आम्हांला मोठे मजेचे वाटते. २०२२ साली एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. चित्रसंग्रह मात्र विक्रीत गेला नाही, तो सरकारकडेच राहिला.

प्रभाने दुष्काळ काढला, भूक काढली, बेघर माणसे काढली, पण मध्यभागी बाई राहिलीच. बायांचे दुःख रंगवणे हेच आपले काम आहे, आणि सुखी बाई आपल्याला अजून भेटायची आहे, असे ती मुलाखतींतून सांगे. यावर टीकाही झाली. चित्रे एकसारखी होतात, बाया फार नाजूक होतात, दुःख दिवाणखान्यात शोभेसे होते, असे म्हणणारे होते. आम्ही ही टीका अगदीच खोटी मानत नाही. आमच्या मोहल्ल्यातली जी बाई सकाळी सहाला निंदणीला जाते तिची मान हंसासारखी नाही, आणि तिचे हात चित्रातल्यापेक्षा पुष्कळ जाड आहेत. ती खळाळून हसतेही. तिला दुःख नाही असे नाही, पण दुःख हा तिचा दिवसभराचा धंदा नाही.

तरी एक गोष्ट प्रभाने केली, ती मोठी आहे. तिची बाई आपल्याकडे पाहत नाही. आपण तिला पाहावे म्हणून ती उभी नाही. तिचे लक्ष टोपलीकडे आहे, पोराकडे आहे, नाहीतर स्वतःच्याच विचारात आहे. आम्ही तिच्या चित्राची छापील प्रत प्रथम पाहिली तेव्हा हे शब्दांत सांगता आले नव्हते. एवढेच वाटले, की ही बाई आपल्याला बोलावत नाही, आणि आपण आलो म्हणून पदरही सावरत नाही. २००१ साली ती गेली.

पुरुषांना हे जमतच नाही, असे म्हणायचा मोह होतो. पण इतिहासाच्या शिक्षकाने मोह आवरावा. जहांगीरच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, नूरजहाँचे एक चित्र काढले आहे. रामपूरच्या रझा लायब्ररीत ते आहे. बेगम उभी राहून बंदूक भरते आहे. नजर कामावर, अंगावर शिकारीचा पोशाख. तिच्यात नखरा शोधून सापडत नाही.

आणि आपल्या पंढरपूरचे हुसेन. मकबूल फिदा हुसेन १९१५ साली पंढरपूरला जन्मले आणि दीड-दोन वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. आईचा चेहरा त्यांना कधीच आठवला नाही. पुढे मदर तेरेसांची चित्रमालिका त्यांनी काढली. त्यात निळ्या काठाची पांढरी साडी आहे, कुशीत मूल आहे आणि चेहऱ्याच्या जागी रिकामा अंधार आहे. हुसेनांच्या बायांवरून या देशात जे वादळ उठले ते वाचकांना ठाऊक आहे. २००६ साली त्यांनी देश सोडला, २०१० साली कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ साली लंडनला त्यांचे निधन झाले. त्या वादात इथे शिरायचे नाही. आम्हांला त्या रिकाम्या चेहऱ्याबद्दल बोलायचे आहे. आईविना वाढलेला मुलगा जगातली सगळ्यांत ओळखीची आई काढतो आणि चेहऱ्यापाशी ब्रश थांबवतो. त्याला चेहरा येत नव्हता असे कोण म्हणेल?

आता आमच्या मनात घोळणारा प्रश्न. रविवर्म्याने मुसलमान बाई काढली, धुरंधरांनी काढली, सिनेमाच्या पोस्टरवाल्यांनी तर ढिगाने काढली. बेगम, तवायफ किंवा बुरख्यातले दोन डोळे. मुसलमान बाईने मुसलमान बाई कधी काढली?

आरंभ तर आपला जुना आहे. जहांगीरच्या काळी सिद्ध झालेला 'मुरक्का-ए-गुलशन' हा चित्रसंग्रह आज मुख्यतः तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात आहे. त्यातल्या काही चित्रांवर बायांची नावे आहेत. नादिरा बानो, रुकय्या बानो. नादिरा बानोच्या नावापुढे मीर तकीची मुलगी आणि आका रझाची शागीर्द असेही लिहिले आहे. दारा शुकोहची बेगम नादिरा बानो ती ही नव्हे. ही चित्रकार, आणि तिच्या आधीची. फिरंग्यांनी आणलेल्या युरोपी छापचित्रांवरून तिने चित्रे केली. सहीफा बानो हेही नाव त्या काळच्या चित्रांवरून आपल्याला कळते. म्हणजे झोफनीने दोन बायांना भिंतीवर टांगले, त्याच्या दीडशे वर्षे आधी मुघल चित्रशाळेच्या छायेत बाया उस्तादाकडे शिकत होत्या आणि चित्रावर त्यांचे नाव लागत होते. ही ओळ आम्ही नववीच्या वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीही वर पाहतात.

अलीकडच्या काळात दोन मोठी नावे. दोघींचा जन्म १९३७चा. नसरीन मोहम्मदी कराचीत जन्मली, मुंबईत वाढली, १९७२पासून बडोद्याला शिकवत राहिली आणि १९९० साली अलिबागजवळ किहीमला समुद्राकाठी वारली. झरीना हाश्मी अलीगढची, इतिहासाच्या प्राध्यापकाची मुलगी. देशोदेशी राहून २०२० साली लंडनला वारली. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी दोघींची कामे घेतली आहेत. आणि दोघींच्या प्रसिद्ध कामांत बाईची आकृती नाही! नसरीनच्या कागदावर फक्त रेषा. पेन्सिलीच्या, शाईच्या, ताणलेल्या तारांसारख्या. झरीनाच्या ठशांत घराचा आराखडा, उंबरा, नकाशे, आणि खाली उर्दू शब्द. १९९९ सालच्या तिच्या छत्तीस लाकडी ठशांच्या मालिकेत एकेका शब्दाभोवती घर उभे राहते. नस्तालीकमध्ये लिहिलेला साधा शब्द चित्राच्या इतक्या बरोबरीने उभा राहिलेला आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

हे धर्माच्या धाकाने झाले, असे कुणी म्हणेल. आम्हांला ते पटत नाही. दोघीही आपापल्या विचाराने तिथे पोहोचल्या होत्या आणि त्यांच्या काळात जगभर असे काम चालू होते. पण झरीनाचे २००४ सालचे एक काम आहे, बहीण राणीने तिला लिहिलेल्या पत्रांचे. पत्रे उर्दूत. आई-वडिलांचे जाणे, घर विकले जाणे अशा खबरा त्यांत आहेत. त्या अक्षरांवर झरीनाने घराचे आणि गावाचे नकाशे छापले. बहिणीचा चेहरा कुठे नाही. हाताचे वळण आहे. हे काम पाहिल्यावर आम्हांला त्या मुलीच्या पाच पाठी आठवल्या, आणि आपण तिची वही घाईने बंद केली याची लाज वाटली.

पालकसभेत दादी आल्या. त्यांना आमच्याबद्दल राग नव्हता, काळजी होती. आम्ही आलिम नाही, फतवा देणे आमचे काम नाही, हे त्यांना आधीच सांगितले. चित्रकारांना ताकीद देणाऱ्या हदीस आहेत, त्या आम्हीही वाचल्या आहेत. हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत असत, हीही हदीसच आहे. अकबराच्या दरबारातली एक गोष्ट अबुल फझलने लिहून ठेवली आहे. बादशहाच्या मते चित्रकाराला अल्लाहची ओळख पटण्याची एक खास वाट मिळते. तो हात-पाय सगळे काढतो, पण जीव घालू शकत नाही, आणि तिथे त्याला खऱ्या घडवणाऱ्याची आठवण होते. आम्ही ही गोष्ट दादींना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "अकबर की बात अकबर जाने, बेटा." आम्हांला हसू आले. त्यांनाही आले.

मग त्यांनी चित्र दाखवायला सांगितले. चष्मा नव्हता, म्हणून वही लांब धरून त्या बराच वेळ पाहत राहिल्या. नातीने काढलेल्या पाच पाठींपैकी एकीवर त्यांनी बोट ठेवले. ती मागे रेललेली. "ये तेरी अम्मी है." मुलगी म्हणाली, "हाँ." दादी म्हणाल्या, की सून गेल्या हंगामात कंबर दुखते म्हणून अशीच मागे हात टेकून बसायची आणि घरी कुणाला सांगायची नाही. तुला कसे कळले? मुलगी म्हणाली, शाळा सुटल्यावर मी डबा घ्यायला बगीच्यात जायची तेव्हा मागूनच यायची ना.

परीक्षेला ती बसली. स्मरणचित्राच्या पेपरात चेहरे काढायचे की नाही, हे आम्ही तिच्यावरच सोडले होते. तपासणारा पाठमोऱ्या आकृत्यांना गुण कमी देईल अशी भीती होती, तीही आम्ही तिला सांगितली होती. पेपर संपल्यावर ती बाहेर आली, हाताला जलरंग लागलेला. काय काढलेस विचारले तर म्हणाली, सात बाया. सहा पाठमोऱ्या आणि एक बाजूने. "साइड से, टीचर. नाक थोड़ी दिखती."

तिला 'ब' श्रेणी मिळाली.